कॉपी केलेल्या फाइलींची नावं क्लिपबोर्डवरून कशी वाचायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फाइली निवडायच्या, कंट्रोल-सी दाबायचं, आमच्या खिडकीत येऊन कंट्रोल-व्ही दाबायचं, की नावांची यादी तयार. एवढंच काम करणारा एक छोटा प्रोग्रॅम मी काही वर्षं सांभाळतो आहे. वापरणारे छापखानेवाले, शाळेतले क्लार्क, ऑडिटवाले. त्यांच्या जोडीला "आमच्या प्रोग्रॅममध्ये हे कसं बसवायचं?" असं विचारणारे नवे प्रोग्रॅमरही बरेच. तेच तेच प्रश्न येत राहतात, म्हणून उत्तरं एका जागी ठेवली.

वेगळं सांगितलं नसेल तिथे विंडोज समजा. फंक्शनांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. एडिटरमध्ये पहिली चार अक्षरं टाकलीत की पुढचं तोच सुचवेल.

१. फाइल कॉपी केली की क्लिपबोर्डवर नेमकं काय जातं? अख्खी फाइल?

नाही. जाते ती पत्त्यांची चिठ्ठी: कोणत्या ड्राइव्हवर, कोणत्या फोल्डरात, कोणत्या नावाची फाइल. २ जीबीचा व्हिडिओ कॉपी करायला क्षणही लागत नाही आणि पेस्ट करताना मात्र हिरवी पट्टी सरकत बसते, ते याचमुळे. खरी उचलाउचल पेस्टच्या वेळी होते.

ही चिठ्ठी वाचायला फाइल उघडावी लागत नाही. पण चिठ्ठी लिहिल्यानंतर कोणी फाइल हलवली, नाव बदललं किंवा पेनड्राइव्ह उपसला, तर चिठ्ठीवर जुनाच पत्ता राहतो. खालच्या निम्म्या तक्रारींचं मूळ इथेच आहे.

२. मग नोटपॅडमध्ये पेस्ट केलं तर काहीच का उमटत नाही?

क्लिपबोर्डवर एकच गोष्ट अनेक रूपांत ठेवता येते, आणि प्रत्येक रूपाला एक क्रमांक असतो. युनिकोड मजकुराचा १३, फाइलींच्या यादीचा १५. या १५ नंबरचं नाव सीएफ_एचड्रॉप. एक्सप्लोरर फाइल कॉपी करताना १५ नंबरचा खण भरतो, मजकुराचा रिकामा ठेवतो. नोटपॅडला फक्त मजकूर कळतो, त्यामुळे त्याच्या लेखी क्लिपबोर्ड रिकामाच.

३. मला प्रोग्रॅमिंग येत नाही. नावांची यादी फक्त एक्सेलमध्ये हवी आहे.

मग प्रोग्रॅमच्या भानगडीत पडूच नका. फाइली निवडा, शिफ्ट दाबून ठेवून उजवी क्लिक करा आणि "कॉपी ॲज पाथ" घ्या. विंडोज ११ मध्ये कंट्रोल-शिफ्ट-सी दाबलं तरी चालतं. आता क्लिपबोर्डवर साधा मजकूर आहे, एक्सेलमध्ये एका ओळीत एक पाथ (फाइलीचा पूर्ण पत्ता) पडेल. भोवतीची दुहेरी अवतरणचिन्हं फाइंड-रिप्लेसनं काढून टाका.

साधं कंट्रोल-सी करून बसला असाल तरी हरकत नाही. विंडोजबरोबर येणाऱ्या पॉवरशेल ५.१ मध्ये गेट-क्लिपबोर्डला फॉरमॅट म्हणून फाइलड्रॉपलिस्ट द्या. पॉवरशेल ७ मध्ये हा पर्याय काढून टाकला आहे, तिथे शोधत बसू नका.

४. सी शार्पमध्ये सर्वांत सरळ मार्ग कोणता?

दोन ओळी. क्लिपबोर्ड या क्लासच्या कंटेन्सफाइलड्रॉपलिस्टला विचारा, यादी आहे का? "हो" आलं तर गेटफाइलड्रॉपलिस्ट पूर्ण पाथ हातात देतं. नुसतं नाव हवं असेल तर प्रत्येक पाथ पाथ.गेटफाइलनेममधून काढा. विनफॉर्म्स आणि डब्ल्यूपीएफ (सी शार्पमधून खिडक्या बनवायच्या दोन पद्धती) दोन्हींत हा क्लास आहे, फक्त नेमस्पेस वेगळा. चुकून दोन्ही नेमस्पेस जोडले, तर कंपायलर "कोणता क्लिपबोर्ड?" म्हणून अडतो.

५. तोच कोड कन्सोल प्रोग्रॅममध्ये टाकला तर "सिंगल थ्रेड अपार्टमेंट" असं काहीतरी म्हणून पडतो.

क्लिपबोर्डचा हा मार्ग ओएलईवरून (प्रोग्रॅमांमध्ये माहितीची देवाणघेवाण करणारी विंडोजची यंत्रणा) जातो आणि ओएलईला एसटीए, म्हणजेच सिंगल थ्रेड अपार्टमेंट, प्रकारचाच थ्रेड लागतो. विनफॉर्म्सच्या तयार साच्यात मेनच्या डोक्यावर एसटीएथ्रेड लिहिलेलं असतं, कन्सोलच्या साच्यात नसतं. ते लिहा, तक्रार मिटेल.

खिडकीवाल्या प्रोग्रॅममध्येही हा घोळ होतो, विशेषतः "हँग होऊ नये" म्हणून वाचन टास्क.रनमध्ये ढकललं की. तिथला थ्रेड एसटीए नसतो. चिठ्ठी मुख्य थ्रेडवरच वाचा. पुढचं जड काम, म्हणजे फाइली उघडणं किंवा आकार मोजणं, खुशाल मागे ढकला.

६. दहादा नीट चालतं, अकराव्यांदा "क्लिपबोर्ड उघडता आला नाही" म्हणतं. का?

क्लिपबोर्ड सगळ्यांचा मिळून एक आहे आणि एका वेळी एकालाच उघडता येतो. रिमोट डेस्कटॉप, पासवर्ड सांभाळणारे प्रोग्रॅम, क्लिपबोर्डचा इतिहास ठेवणारी साधनं, सगळी टपून असतात. तुम्ही कॉपी केलंत की तीही धावतात. त्याच क्षणी तुम्ही दार ठोठावलंत, तर ८००४०१डी० हा एरर मिळतो.

उपाय वाड्यातल्या सामाईक नळासारखा आहे: थांबा आणि पुन्हा जा. मी १०० मिलिसेकंदांच्या अंतरानं १० वेळा प्रयत्न करतो आणि तरीही जमलं नाही तरच वापरणाऱ्याला सांगतो. आणि तुम्ही स्वतः उघडलात तर चटकन वाचून बंद करा. ओपनक्लिपबोर्ड आणि क्लोजक्लिपबोर्ड यांच्यामध्ये मेसेज-बॉक्स दाखवणारा कोड मी पाहिला आहे. तो बॉक्स पडद्यावर असेपर्यंत अख्ख्या संगणकावरचं कॉपी-पेस्ट ठप्प!

७. सी किंवा सी++ मधून थेट वाचायचं आहे. आत काय असतं?

पायऱ्या अशा: इजक्लिपबोर्डफॉरमॅटअव्हेलेबलला १५ नंबर आहे का विचारा, क्लिपबोर्ड उघडा, गेटक्लिपबोर्डडेटाकडून हँडल (त्या माहितीपर्यंत नेणारी खूण) घ्या. मग ड्रॅगक्वेरीफाइलला क्रमांकाच्या जागी सगळे बिट १ असलेली संख्या दिली की ते फाइलींची संख्या सांगतं. त्यानंतर ० पासून एकेक क्रमांक द्या, एकेक पाथ घ्या.

आतली मांडणी एकदा डोळ्यांखालून घाला, पुढचं बरंच सोपं होईल. सुरुवातीला २० बाइटचा मथळा. त्यातले पहिले ४ बाइट सांगतात की नावं कितव्या बाइटपासून सुरू होतात (बहुधा २०). पुढचे ८ आणि ४ बाइट ड्रॅग-ड्रॉपच्या कामाचे, आपल्याला निरुपयोगी. शेवटच्या ४ मध्ये नावं युनिकोडमध्ये आहेत की नाहीत याची खूण. मग पाथ, प्रत्येकाच्या शेवटी शून्य, आणि यादी संपली की आणखी एक शून्य.

समजा डी ड्राइव्हवर "पावत्या" या फोल्डरात "जून" नावाची पीडीएफ आहे. ड्राइव्हचं अक्षर, अपूर्णविराम आणि तिरकी रेघ मिळून ३, पावत्या ७ (काना, हलन्त सगळं वेगळं मोजायचं), पुन्हा रेघ १, जून ३, टिंबासह एक्स्टेन्शन ४. झाले १८. प्रत्येकाला २ बाइट म्हणजे ३६, दोन शून्यांचे ४, मथळ्याचे २०. एकूण ६०. पीडीएफ ४० एमबीची असली तरी चिठ्ठी ६० बाइटचीच.

दोन चुका सर्रास दिसतात. एक, २६० अक्षरांचा ठरीव बफर. त्याऐवजी बफरच्या जागी नल देऊन आधी लांबी विचारा. उत्तरात शेवटचं शून्य धरलेलं नसतं, म्हणून एक वाढवून जागा घ्या. दुसरी, काम झाल्यावर ड्रॅगफिनिश बोलावणं. ते हँडल क्लिपबोर्डच्या मालकीचं असतं, ते मोकळं करण्याचा आपल्याला अधिकार नाही.

८. मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं येतात.

तुम्ही ड्रॅगक्वेरीफाइलची ए-वाली (नावाच्या शेवटी ए असलेली) आवृत्ती वापरता आहात. तिच्यातून नावं जुन्या ॲन्सी कोडपेजमध्ये (युनिकोडआधीच्या, ठरावीक भाषांपुरत्या अक्षरसंचात) येतात आणि विंडोजमध्ये मराठीला ॲन्सी कोडपेज कधी मिळालंच नाही. मराठी आणि हिंदी पहिल्यापासून फक्त युनिकोडवाल्या भाषा आहेत. त्यामुळे "प्रादेशिक सेटिंग बदला" हा सल्ला कामाचा नाही. डब्ल्यू-वाली आवृत्ती वापरा, किंवा प्रोजेक्टमध्ये युनिकोड चालू करा.

सगळी प्रश्नचिन्हं तर निदान लगेच कळतात. "कार्यालय 2024" असं निम्मं मराठी, निम्मं इंग्रजी अंकांतलं नाव असेल, तर फक्त अंक शिल्लक राहतात आणि दोन वेगळ्या फाइली एकसारख्या दिसू लागतात. नाव बरोबर वाचलं जातंय पण चौकोन दिसतात, अशी तक्रार असेल तर दोष फॉन्टचा, वाचनाचा नाही.

९. यादीतलं नाव आणि माझ्या रजिस्टरमधलं नाव हुबेहूब सारखं दिसतं, तरी जुळत नाही!

हा माझा आवडता प्रश्न, कारण यानं माझे दोन दिवस खाल्ले आहेत. डोळ्यांना एक दिसणारी मराठी अक्षरं आत वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिलेली असू शकतात. नेहमी भेटणारे तीन प्रकार सांगतो.

पहिला, "दुसऱ्या", "पायऱ्या" मधला ऱ. युनिकोडमध्ये तो एक सलग अक्षर आहे, आणि र खाली नुक्ता देऊनही होतो. जुन्या मॅकची एचएफएस प्लस फाइल सिस्टिम नावं सुटी करून ठेवायची. तिथून झिप होऊन आलेल्या फाइलींत हा दुसरा प्रकार सापडतो. दोन्ही बाजू एनएफसीमध्ये (युनिकोडनं ठरवलेल्या जोडलेल्या रूपात) आणल्या की हे मिटतं. सी शार्पमध्ये त्यासाठी नॉर्मलाइझ आहे, पायथनमध्ये युनिकोडडेटा.

दुसरा, तोच "ऱ्या", पण र, हलन्त आणि न दिसणारा शून्य-रुंदीचा जोडक वापरून टंकलेला. काही कीबोर्ड असाच देतात. एनएफसी याला हातही लावत नाही, बदल आपणच करायचा.

तिसरा सगळ्यात जास्त छळतो. "ॲडमिशन" मधला ॲ. हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे २००८ साली आलं. त्याआधीच्या सवयीनं अजूनही पुष्कळ जण अ आणि वर चंद्र असे दोन घटक टंकतात. युनिकोडच्या लेखी हे दोन समान नाहीत, त्यामुळे एनएफसी इथेही गप्प. शाळेत एका क्लार्कची फाइल एका पद्धतीनं, दुसऱ्याची दुसऱ्या पद्धतीनं. फोल्डरात दोन्ही शेजारी-शेजारी, आणि विंडोज त्यांना दोन वेगळ्या फाइली मानतं.

मी तुलनेपुरती एक "धुतलेली" प्रत बनवतो: एनएफसी, मग ही दोन अदलाबदल. फाइल उघडताना मात्र क्लिपबोर्डवरचा मूळ पाथ जसाच्या तसा वापरा. धुतलेला दिलात तर "फाइल सापडली नाही" येणारच.

१०. फाइली ज्या क्रमानं दिसत होत्या त्या क्रमानं यादीत का येत नाहीत?

एक्सप्लोरर क्रमाचं वचन देत नाही. ज्या फाइलीवर फोकस असतो, ती बहुधा यादीत पहिली येते. १ ते ४८ निवडून ४८ वर उजवी क्लिक करून कॉपी घेतलीत, तर ४८ सगळ्यांच्या पुढे. माझ्या पहिल्या आवृत्तीत मी आलेला क्रम तसाच ठेवला होता. एका छापखान्यात गणेशोत्सव मंडळाच्या स्मरणिकेची पानं लागली आणि शेवटचं पान मुखपृष्ठाच्या आधी बसलं. प्रूफ काढल्यामुळे वाचलो. छापखानेवाल्या काकांनी त्यावर जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तेव्हा स्वतः क्रम लावा. साधी अक्षरवारी १, १०, ११, २ असं करते. एक्सप्लोररसारखा आकडेवार क्रम हवा तर एसटीआरसीएमपीलॉजिकलडब्ल्यू आहे. देवनागरी अंकांच्या नावांसाठी मी आकडे स्वतः वेगळे काढतो. इथे सी शार्पची एक गंमत लक्षात ठेवा: रेग्युलर एक्स्प्रेशनमधली अंकाची खूण "१२" ला अंक म्हणून ओळखते, पण तेच इंट.पार्सला दिलं की ते अडतं. पायथनचा इंट मात्र "१२" निमूटपणे बारा धरतो.

११. वापरणाऱ्यानं कॉपी केलं होतं की कट, हे कळतं का?

कळतं. यादी दोन्हींत सारखीच असते. फरक "प्रिफर्ड ड्रॉपइफेक्ट" नावाच्या वेगळ्या रूपात ४ बाइटमध्ये असतो. कट केलं तर २, एक्सप्लोररमधून कॉपी केलं तर ५. या ५ मध्ये कॉपीचा १ आणि शॉर्टकटचा ४ मिसळलेला आहे. म्हणून "१ आहे का?" अशी थेट तुलना करू नका, बिट तपासा. सी शार्पमध्ये हे मेमरीस्ट्रीम म्हणून मिळतं.

तुमचा प्रोग्रॅम नुसती यादी करत असेल, तर कटकडे दुर्लक्ष करा आणि क्लिपबोर्डला हात लावू नका. वापरणाऱ्याला त्या फाइली नंतर खरोखर हलवायच्या असतील.

१२. मेलमधली अटॅचमेंट किंवा मोबाइलमधले फोटो कॉपी केले, तर यादी रिकामी येते.

कारण त्यांना पत्ताच नाही. आउटलुकमधली अटॅचमेंट, केबलनं जोडलेल्या फोनमधला फोटो, झिप न सोडवता तिच्या आतून उचललेली फाइल, या गोष्टी डिस्कवर कुठल्याही पाथला नसतात. अशा वेळी १५ नंबरचा खण भरत नाहीत. त्याऐवजी "फाइलग्रुपडिस्क्रिप्टरडब्ल्यू" मध्ये नावं आणि आकार येतात, आणि "फाइलकन्टेन्ट्स" मधून मजकूर मागून घ्यावा लागतो.

फक्त नावं हवी असतील तर पहिलं वाचून भागतं: सुरुवातीच्या ४ बाइटमध्ये संख्या, मग प्रत्येक फाइलची ठरलेल्या मापाची नोंद. मजकूरही हवा असेल तर आयडेटाऑब्जेक्टशी झुंजावं लागेल. माझा प्रोग्रॅम ती झुंज घेत नाही. "आधी फाइल डेस्कटॉपवर ठेवा, मग कॉपी करा" एवढंच सांगतो, आणि आजवर कुणाचं अडलेलं नाही.

१३. फोल्डर कॉपी केलं तर आतल्या फाइलींची नावं येतात का?

नाही, फक्त फोल्डरचा पाथ येतो. आत शिरणं आपल्याकडे. शॉर्टकट कॉपी केला तर शॉर्टकटचाच पाथ मिळतो, तो ज्या फाइलकडे बोट दाखवतो तिचा नाही.

१४. पायथन, जावा, क्यूटी, इलेक्ट्रॉन, एक्सेल व्हीबीए यांतून?

पायथनमध्ये टीके-इंटरचा क्लिपबोर्ड फक्त मजकूर देतो, त्यावर वेळ घालवू नका. पायविन३२ च्या विन३२क्लिपबोर्डला सीएफ_एचड्रॉप मागा, पाथचा टपल मिळेल. पिलो आधीच बसवलेलं असेल, तर इमेजग्रॅबमधलं ग्रॅबक्लिपबोर्ड विंडोजवर फाइलींची यादीही देतं. चित्रासाठीच्या फंक्शनातून यादी निघते हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

जावात जावाफाइललिस्टफ्लेवर मागा. क्यूटीत क्यूमाइमडेटाचे यूआरएल्स घ्या आणि प्रत्येकावर टूलोकलफाइल चालवा. इलेक्ट्रॉनमध्ये फाइलनेमडब्ल्यू हे रूप वाचण्याची युक्ती सगळीकडे फिरते, पण त्यात एकच फाइल असते. दहा निवडल्या तरी पहिलीच. व्हीबीएचं डेटाऑब्जेक्ट मजकुरापुरतंच, म्हणून तिथे प्र. ७ मधली फंक्शनं डिक्लेअर करा. ऑफिस ६४ बिटचं असेल तर पीटीआरसेफ आणि लाँगपीटीआर विसरू नका. नाहीतर प्र. ३ आहेच.

१५. लिनक्सवर काय?

तिथे यादी टेक्स्ट/यूआरआय-लिस्ट या रूपात मिळते, एका ओळीला एक पत्ता. पत्ता टक्का-चिन्हांत कोंबलेला असतो: यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या एका घटकाला ३ बाइट, आणि प्रत्येक बाइटचे टक्क्यासह ३ वर्ण. "पावती" या पाच घटकांच्या नावाचे ४५ वर्ण होतात. उलगडल्याशिवाय ते कुणालाही वाचता येणार नाही. हॅशनं सुरू होणाऱ्या ओळी टिपा असतात, त्या सोडा.

कट की कॉपी हे नोम या डेस्कटॉपच्या मंडळीत एक्स-स्पेशल/नोम-कॉपीड-फाइल्स या रूपाच्या पहिल्या ओळीत लिहिलेलं असतं, केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपमध्ये वेगळ्या रूपात. एक्स११ वर (लिनक्सवर खिडक्या दाखवणारी जुनी यंत्रणा) कॉपी केलेली माहिती ती कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमकडेच राहते. तो बंद केलात आणि क्लिपबोर्ड सांभाळणारं दुसरं काही चालू नसेल, तर चिठ्ठीही गेली. वेलँड या नव्या यंत्रणेवर ज्या खिडकीत फोकस आहे तिलाच क्लिपबोर्ड दिसतो, त्यामुळे पार्श्वभूमीत बसून वाचायचा बेत सहसा फसतो.

१६. आणि मॅकवर?

एनएसपेस्टबोर्डकडून एनएसयूआरएल मागा आणि "फक्त फाइल यूआरएल" हा पर्याय लावा, नाहीतर कॉपी केलेली वेबसाइटची लिंकही फाइल म्हणून आत शिरेल. फाइंडर (मॅकचा एक्सप्लोरर) यादीबरोबर मजकूरही ठेवतो, त्यामुळे तिथे प्र. २ ची तक्रार येत नाही. कटचा प्रश्नही नाही: फाइंडरमध्ये फाइल कॉपीच करायची असते, हलवायची की नाही ते पेस्ट करताना ऑप्शन-कमांड-व्ही दाबून ठरतं.

१७. कॉपी केल्याबरोबर प्रोग्रॅमला आपोआप कळावं, असं करता येईल?

ॲडक्लिपबोर्डफॉरमॅटलिसनरनं आपल्या खिडकीची नोंद करा. व्हिस्टापासून ते उपलब्ध आहे. प्रत्येक बदलाला निरोप येतो. एका कॉपीला दोन-तीन निरोपही येऊ शकतात, म्हणून पहिला आला की थोडं थांबून एकदाच वाचा. टायमर लावून दर सेकंदाला क्लिपबोर्ड उघडून बघू नका, प्र. ६ मधल्या गर्दीत तुमचीच भर पडेल.

१८. विन-व्ही दाबलं तर मघाशी कॉपी केलेल्या फाइली इतिहासात दिसत नाहीत.

त्या तिथे जातच नाहीत. विंडोज १० मध्ये २०१८ साली आलेला हा इतिहास मजकूर, एचटीएमएल आणि चित्र एवढंच ठेवतो, तेही २५ नोंदींपर्यंत. फाइलींचा इतिहास हवा असेल तर प्र. १७ वापरून तुम्हीच यादी साठवा.

१९. नाव बरोबर येतं, पण फाइल उघडायला गेलं की "अस्तित्वात नाही". मी फाइल समोर बघतोय!

आधी विचारा: प्रोग्रॅम "रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर" नं चालू आहे का? असेल तर ऑफिसच्या सर्व्हरला जोडलेला झेड ड्राइव्ह त्याला दिसतच नाही. तो ड्राइव्ह तुमच्या साध्या लॉगिनपुरता जोडलेला असतो, ॲडमिनचं लॉगिन वेगळं धरलं जातं. क्लिपबोर्डवरची चिठ्ठी मात्र दोघांना वाचता येते, म्हणून नाव मिळतं आणि फाइल मिळत नाही. प्रोग्रॅम साध्या हक्कांनी चालवा, किंवा दोन तिरक्या रेघांनी सुरू होणारा सर्व्हरचा पूर्ण पाथ वापरा. अशा प्रोग्रॅमवर एक्सप्लोररमधून फाइली ओढून टाकणंही विंडोज अडवतं, पण पेस्ट चालतं. "ड्रॅग होत नाही" म्हणणाऱ्यांना मी तेच सुचवतो.

ॲडमिन नसेल तर पाथची लांबी मोजा. २६० च्या पुढे गेलेला पाथ चिठ्ठीत नीट बसतो, पण जुन्या फंक्शनांना उघडता येत नाही. "सन २०२३-२४ ची लेखापरीक्षणासाठी सादर करावयाची कागदपत्रे" अशा नावाची चार फोल्डरं एकात एक घातली की ही मर्यादा यायला वेळ लागत नाही.